नको म्हटलेली कॉफी

१९९७ च्या जानेवारीत, एका शुक्रवारी, रास अल खैमातल्या एका घराच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत, गुहागरकडच्या एका वेल्डरने पुढे आलेली कॉफी नको म्हटली. दुसऱ्या दिवशी त्याची रजा मंजूर झाली.

मी तेव्हा दुबईत एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर होतो. वेल्डर माझ्या आजोळचा. गावी त्याची आई अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याचा पासपोर्ट वर्कशॉपच्या मालकाकडे, कामगारांच्या बोलीत अरबाबकडे, असे. रजा मागितली की मालक म्हणायचा, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. या मालकाचे सासरे निवृत्त सरकारी अधिकारी होते. एका बातमीच्या निमित्ताने माझी त्यांच्याशी ओळख झाली होती. अशी ओळख वापरून काम करून घेण्याला तिथे वास्ता म्हणतात. मी तो वापरला.

"आधी कामाचं काढायचं नाही. देतील ते घ्यायचं," मी गाडीत बजावलं होतं.

"होय भाऊ. माणसांत वावरलोय मी."

सासऱ्यांच्या मजलिसमध्ये सात-आठ माणसं भिंतीला टेकून बसली होती. नोकराने कॉफीचा छोटा पेला पुढे केला. वेल्डर संकोचून म्हणाला, "नको, नको. नहीं चाहिए." नोकराने पेला त्याच्यासमोर ठेवला. त्याने हात लावला नाही. सगळ्यांचं बोलणं थांबलं.

सासरे मुंबईच्या व्यापाऱ्यांत वाढलेले, हिंदी सफाईने बोलत. "क्यों नहीं पीता? क्या काम है, बोलो."

मी आईचं सांगितलं.

"पियो," ते वेल्डरला म्हणाले. "खलास. हो गया."

त्याने पेला उचलला. त्यांनी तिथूनच जावयाला फोन लावला.

परतताना मी वेल्डरला विचारलं, असं का केलंस.

"पहिल्याच खेपेला कोण घेतं? वाटलं, अजून एकदा आग्रह करतील."

तिकडची जुनी रीत मी त्याला सांगितली. मागणी घेऊन आलेला पाहुणा पेला समोर ठेवतो आणि मान्य झाल्याशिवाय पीत नाही. चारचौघांत त्याला नाही म्हणणं यजमानाला कमीपणाचं असतं.

"म्हणजे मी अडवलं म्हाताऱ्याला," तो म्हणाला आणि हसला.

त्याला आई जिवंत भेटली. तो तिथे असतानाच ती गेली.

मार्चमध्ये तो परत आला आणि मला भेटायला दुबईला आला. हातात फणसाची साठं होती.

"भाऊ, आमच्या लेबर कॅम्पातला केरळचा वेल्डर माझ्याशी बोलत नाही."

"का?"

"एका वेळी एकच वेल्डर सोडतात. ती पाळी त्याची होती. अरबाबनं त्याची रजा काढून मला दिली. मला इथे आल्यावर कळलं."

"तू त्याला काही बोललास?"

"साठं द्यायला गेलो. नको म्हणाला."

"पुन्हा विचारलंस?"

"दोनदा."

मी वर्कशॉपच्या फोरमनला फोन केला. त्याने दुजोरा दिला. केरळच्या वेल्डरच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत, ठरलेल्या दिवशी झालं. त्या दिवशी तो शिफ्टवर होता.