मोडकं रक्त

इराणातल्या रामसर गावाच्या वरच्या अंगाला, तालेश महल्ल्यात, तूबाचा जन्म लोकांच्या पाठी घासण्यात गेला. बायकांच्या गरम पाण्याच्या हमामखान्यात ती कामाला होती. हातात खरखरीत पिशवी चढवायची आणि मळाच्या वळ्या काढायच्या, तेहरानवालीच्या काय नि तब्रीझवालीच्या काय. मळाचं तिला काही वाटायचं नाही. बायकांची तोंडं मात्र नकोशी व्हायची.

झऱ्याचं पाणी रेडियमचं. गुडघे धरलेल्या बायका त्यासाठी लांबून लांबून येत. तूबाचं घरही त्याच झऱ्याच्या दगडाचं, सासऱ्यानं स्वतः फोडून आणलेल्या. मधूनमधून शहरातले डॉक्टर यायचे, भिंतीला किरणं मोजायचं यंत्र लावायचे आणि ते कडकडायला लागलं की एकमेकांकडे बघून खूश व्हायचे. मग घरोघरचं रक्त काढून न्यायचे. बदल्यात हातावर फळाच्या रसाचा एकेक डबा. रक्तात काय सापडलं, ते मेल्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

यंदा सांगितलं आणि घात झाला. मशिदीच्या दालनात सगळ्यांना बसवून एक तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली, "तुमच्यातल्या काहींच्या पेशींत गुणसूत्रं जरा जास्त मोडलेली दिसतात. शरीर त्यांची डागडुजीही करत असतं. आजार काही जास्त दिसत नाहीत, पण पुढचं आत्ताच छातीठोकपणे सांगता येणार नाही." एवढं सगळं बोलली बिचारी, पण लोकांनी उचलला एकच शब्द. दुसऱ्या दिवशी हमामखान्यात जिच्या-तिच्या तोंडी तेच, तालेश महल्ल्याचं रक्त मोडकं! कणीक मळावी तसा त्या बायकांनी तो शब्द मळला. चार दिवसांत तो शेजारच्या तोनेकाबोन शहरात मोनीरखानमच्या कानावर गेला.

ही मोनीरखानम म्हणजे तूबाच्या फरंगीसची होणारी सासू. दर गुरुवारी गुडघे शेकायला यायची. इथेच, या पाण्यात बसून तिनं फरंगीसला हेरलं होतं. आईला जेवण द्यायला आलेली पोर बाईनं अशी न्याहाळली, की बाजारात मेंढीसुद्धा कुणी इतकी बघत नाही. साखरपुडा झाला, बोटात अंगठी चढली. मुलगा बेहरूझ दिसायला बरा होता आणि फरंगीसचा जीव त्याच्यावर जडला होता.

लग्नाची तारीख धरायला मायलेक आले. फरंगीसनं चहा आणला. मोनीरखानमनं कप हळूच बाजूला सारला आणि पिशवीतून स्वतःचा थर्मास काढला. शी! दुसऱ्याच्या घरात, पोरीच्या देखत!

"राग मानू नका हं, तूबाखानम. माझं पोट जरा नाजूक आहे."

"हो का? गुरुवारी आमच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसता, तेव्हा हे नाजूक पोट घरी ठेवून येता वाटतं?"

"अहो, ते बाहेरून. पिणं वेगळं." बाईनं साखरेचा खडा दाताखाली धरला. "आडपडदा न ठेवता बोलते. मुलगी मला पसंत आहे आणि हा काही ऐकत नाही. तेव्हा लग्न होऊ दे. पण मग इकडे मुक्काम नाही. बाळंतपण आमच्याकडे. नातवंडं या भिंतींत पाऊल टाकणार नाहीत. तुम्हाला भेटावंसं वाटलं तर तुम्हीच या. येताना तेवढी आंघोळ करून या."

आंघोळ करून! तिची पाठ घासणाऱ्या बाईला! तूबाच्या अंगाची लाहीलाही झाली. बेहरूझ गालिच्याची नक्षी बघत होता.

"उठा," तूबा म्हणाली. "तो थर्मास उचला आणि चालत्या व्हा. माझी पोर काय वाटेवर पडलीय? फरंगीस, काढ गं ती अंगठी!"

फरंगीस तबक घेऊन उभीच होती. अंगठीला तिनं हात लावला नाही.

"आई, मला चालेल."

"काय चालेल?"

"त्या म्हणतात ते."

तारीख ठरली. पाहुणे गेले, आणि तूबानं तोंडाचा पट्टा सोडला. "त्या बाईला लाज नाही, पण तुला? एका पुरुषापायी माहेर विकलंस? अगं, बाळंतिणीला आईच्या हातचं खाऊ घालायचं असतं. मी काय तिच्या दारात भीक मागत उभी राहू?"

"त्याच्यापायी नाही, आई." फरंगीसनं तबक खाली ठेवलं. "मलाच भीती वाटते. त्यांनी माझंही रक्त नेलंय. लहानपणापासून या भिंतीला पाठ लावून झोपलेय मी. माझी पोरं नकोत इथे झोपायला."

 तूबाला भिंतीवर थुंकावंसं वाटलं, त्या डॉक्टरांच्या तोंडावर, त्या थर्मासवर, सगळ्यांवर. तिनं फक्त कप उचलले आणि विसळून टाकले.

गुरुवारी मोनीरखानम आली. सुस्कारा टाकत पाण्यात उतरली, पोटभर डुंबली आणि मग ओट्यावर पालथी पडली.

"घासा बरं जोरात, विहीणबाई. आता काय, आपण घरचीच माणसं."

एक सणसणीत शिवी तूबाच्या जिभेवर आली होती. पण उद्या पोरीला भेटायचं, नातवंडाचं तोंड बघायचं, तर ते याच बाईच्या मर्जीनं. तिनं शिवी गिळली आणि पिशवी हातात चढवली.

"गुडघ्यांना आराम पडतोय ना हो, विहीणबाई?" ती गोडगोड म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाची तिला शिसारी आली.