पोटाच्या काळ्या गोळ्या

तुमच्या आजोबांचं पोट बिघडलं ते पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर. जेवण झालं की दहा मिनिटांत उठून धावावं लागायचं. सर्जन म्हणाले, काही जणांना असं होतं, हळूहळू सवय होईल. वर्ष गेलं तरी सवय झाली नाही. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालवे आणि धरणं हिंडलेला माणूस घरापासून शंभर पावलांवरच्या बागेत जायला घाबरू लागला. लग्नाची पत्रिका आली की ते आधी कार्यालयाचा पत्ता वाचायचे आणि मला विचारायचे, तिथे संडास कुठल्या बाजूला असेल. एकदा गावी जाताना काटोलच्या अलीकडे त्यांनी एसटी थांबवायला सांगितलं. कंडक्टरने पुढच्या स्टॉपवर थांबवतो म्हटलं. ते तिथूनच परत आले. दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या कमरेला कुण्या अनोळखी माणसाचा टॉवेल होता. त्यानंतर त्यांनी गावी जाणं सोडलं.

मग धाकटे आजोबा, म्हणजे त्यांचे भाऊ, गावाहून आले. ते नरखेड तालुक्यात संत्र्या-मोसंबीची बाग सांभाळतात. आपले भाऊ घरात कोंडून बसले आहेत हे त्यांना सहन होईना.

"चाल दादा, सावनेरले एक वैद्य आहे. दुरून दुरून लोक येतात."

"मले नाही यायचं. रस्त्यात काय करू?"

"माह्या गाडीत बस. लागली तं सारं रान आपलंच आहे गा."

आजोबा कितीतरी दिवसांनी हसले आणि गेले. वैद्य म्हातारे होते, परवाना भिंतीवर लावलेला होता, नाडी बघून त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली. गोळ्या बारीक, काळपट, कडू वासाच्या. सकाळ-संध्याकाळ एकेक.

त्या लागू पडल्या, हे मला आधी स्वच्छ सांगितलं पाहिजे. चौथ्या दिवशी आजोबा बागेत जाऊन आले. महिन्याभरात गावी जाऊन, दोन पंगती जेवून, एसटीनेच परतले. मी देवाला नमस्कार केला आणि वैद्यांनाही, मनातल्या मनात.

गोळ्या द्यायचं काम माझं. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. वस्तू जागेवर आणि वेळ वेळेवर ही माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. रक्तदाबाची सकाळी आठला, थायरॉइडची त्याआधी, काळी गोळी चहाबरोबर आणि मग संध्याकाळी सहाला. प्रत्येक नवी डबी आली की मी मुदत बघायची, बॅच नंबर बघायची, परवाना क्रमांक बघायची. खाली बारीक अक्षरात घटकांची नावं होती. त्यांत अहिफेन असा शब्द होता. वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यावे, असंही छापलेलं होतं. ज्या बाईने जन्मभर मुलांना शब्दकोश उघडायला लावला तिने तो शब्द तीन वर्षं वाचला आणि एकदाही शोधला नाही.

काही महिन्यांनी दुपारपर्यंतच गुण टिकू लागला. मी धाकट्या आजोबांना फोन केला. ते म्हणाले, "एक वाढवा नं वहिनी. झाडपाल्याचं आहे, त्याचं काय नुकसान!" मी वाढवली. रक्तदाबाच्या गोळीचा तुकडा कमी-जास्त करायचा तरी मी डॉक्टरांना विचारत असे. ही मात्र मी माझ्या अधिकारात दोनाची तीन केली, मग चार, मग पाच. डब्या धाकटे आजोबा आणून देत, कधी सावनेरहून, कधी आणखी कुठून. वैद्यांकडे परत कुणी गेलं नाही.

आजोबा आरामखुर्चीत पेंगू लागले. पेपर तासभर एकाच पानावर उघडा असायचा. ज्या पोटासाठी गोळी सुरू केली ते आता चार-चार दिवस साफ होत नव्हतं, म्हणून मी इसबगोल सुरू केलं. एकदा बँकेत रांग होती, मला यायला उशीर झाला. आजोबा फाटकाशी उभे. घामाने शर्ट भिजलेला, नाक वाहत होतं, जांभयांवर जांभया.

"कुठं होतीस?" ते माझ्यावर ओरडले. शेजारच्या बाई गच्चीवरून बघत होत्या.

मी गोळी दिली. अर्ध्या तासात सर्दी गेली, राग गेला. पोटाच्या गोळीने सर्दी कशी गेली, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

मग प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्याच्या अर्जात चालू औषधं लिहायची जागा होती. मी प्रत्येक गोळीचं नाव, मात्रा आणि वेळ सुवाच्य इंग्रजीत लिहिली. नर्स म्हणाली, "मॅडम, सगळ्यांनी असं लिहिलं तर आमचं काम किती सोपं होईल!" मला बरं वाटलं. काळ्या गोळ्या मी लिहिल्या नाहीत. लपवायच्या म्हणून नाही. ते औषध आहे असं माझ्या मनातच नव्हतं. आदल्या दिवसापासून उपाशी राहायचं, म्हणून त्या बंद झाल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांचे पाय पलंगावर आपटू लागले. अंगावर काटा, डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, जुलाब. चौथी चादर बदलताना वॉर्डातल्या कामगाराने नाक आखडलं. आजोबांनी ते पाहिलं. पन्नास वर्षं माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलणारा माणूस गावच्या बोलीत रडू लागला: "मले घरी ने. मले घरी नेऊन सोड." सलाईन उपटली म्हणून मनगटं पट्टीने पलंगाला बांधली. रक्तात जंतू गेले असतील, असं सर्जन म्हणाले. तपासण्या झाल्या, अँटिबायोटिक बदललं. तिसऱ्या दिवशी अंगातलं पाणी आणि मीठ इतकं उतरलं की ते मला ओळखेनात. मला "बाई" म्हणून पाणी मागू लागले. अतिदक्षता विभागात हलवायचं बोलणं सुरू झालं.

त्या सकाळी एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली, तुमच्या आईपेक्षा पुष्कळ लहान. तिने बॅटरी लावून आजोबांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं.

"काकू, काका घरी काही घेतात का?"

"काही म्हणजे?"

"दारू, तंबाखू, आणखी काही."

"आमच्या घरात सुपारीसुद्धा नाही," मी जरा कडकच बोलले.

"झोपेचं काही? आयुर्वेदिक? घरगुती?"

"पोटाच्या गोळ्या आहेत. पण ते काही औषध..." असं म्हणता म्हणता मी थांबले.

मी रिक्षा करून नंदनवनला घरी गेले आणि डबी घेऊन आले. तिने फोनवर शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "अहिफेन म्हणजे अफू, काकू. हे बनावट वगैरे नाही, कायदेशीर आहे. जुलाब थांबवायला जुनं औषध आहे. पण दिवसाला पाच, आणि तीन वर्षं?"

घरी आल्यावर मी फाइल उघडली. वैद्यांची चिठ्ठी तिथे होती, मीच भोकं पाडून लावलेली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: पंधरा दिवस.

आजोबा वाचले. शुद्धीवर आल्यावर व्यसनमुक्ती विभागाचे डॉक्टर आले. व्यसन हा शब्द ऐकून आजोबा उठून बसले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मी व्यसनी नाही. हिनं दिल्या." ते खरं होतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, आपण होऊन घेतलं काय किंवा कुणी दिलं काय, शरीराला फरक कळत नाही.

त्यांनी जिभेखाली ठेवायची दुसरी एक गोळी दिली आणि महिन्यामहिन्याने ती कमी केली. प्रत्येक वेळी मात्रा उतरली की आठवडाभर आजोबांना झोप नसे. टीव्हीवरची साधी जाहिरात बघून ते रडत. वजन इतकं गेलं की पट्ट्याला मी सुईने नवी भोकं पाडली. जुलाब परत सुरू झाले. मग पोटाच्या डॉक्टरांनी पाण्यात ढवळून घ्यायची एक साधी भुकटी दिली, पित्त शोषून घेणारी, आणि निम्मा त्रास गेला. ही भुकटी तेव्हाही मिळत होती. आम्ही परत विचारायला गेलोच नव्हतो.

त्या दिवसांत मी धाकट्या आजोबांना फोन केला. "माझ्या घरी येऊ नका," मी म्हटलं.

"मी का दादाले जहर दिलं काय, वहिनी?"

"हो."

त्यांनी फोन ठेवला. आठ महिने भाऊ भावाशी बोलला नाही. तुम्ही विचारत होता ना, की धाकट्या आजोबांकडून बागेतल्या संत्र्यांचे फोटो येणं बंद का झालं, ते यामुळे.

हे सगळं मी तुम्हाला सांगणार नव्हते. पण मोठी, तू त्या दिवशी फोनवर म्हणालीस की तिकडे परदेशात पेट्रोल पंपाच्या दुकानात कुठल्याशा झाडाच्या पानांची भुकटी मिळते, तुझी मैत्रीण पाठदुखीसाठी घेते, अभ्यासालाही बरं वाटतं. "नुसतं पान आहे गं आजी, कायद्याने चालतं." आजोबा शेजारी बसले होते म्हणून मी विषय बदलला. नंतर मी वाचलं. शरीरात अफू जिथे लागू पडते तिथेच ते पानही लागू पडतं. तिची पाठ खरोखर दुखत असेल आणि तिला खरोखर बरं वाटत असेल. आजोबांनाही वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी फाटक वाजलं. धाकटे आजोबा, हातात थैली. आत न येता बाहेरच उभे.

"येऊ काय, वहिनी? डोळे दाखवायचे आहेत इथं. दोन दिवसांचं काम आहे. नाही म्हणाल तं धर्मशाळेत जातो."

आतून आजोबांचा आवाज आला. "कोण आहे?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. आणि मग सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मी म्हणाले, "थैली दाखवा." त्यांनी ती माझ्यासमोर सरकवली. मी एकेक वस्तू टेबलावर काढली: टॉवेल, धोतर, दाढीचं सामान, डॉक्टरांचा कागद. बनियनच्या घडीत तीच डबी होती. आजोबा दारात येऊन उभे होते, त्यांनीही पाहिली.

"तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" मी म्हणाले.

"दादासाठी नाही ते. माह्यासाठी आहे, वहिनी."

आजोबांनी विचारलं, "कधीपासून गा?"

"तुह्या आधीपासून. कंबर धरली होती, फवारणीचा पंप उचलवत नव्हता. आता कंबर नाही दुखत. पण नाही घेतली तं बिछान्यातून उठून होत नाही."

"किती?"

"सहा. बागेत काम असलं तं आठ."

आजोबा त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हणजे तू माह्यापेक्षा मोठा निघाला."

"पहिल्यांदाच," धाकटे आजोबा म्हणाले. दोघंही हसले, आणि मग हसता हसता धाकट्यांनी टॉवेलात तोंड घातलं.

डबी त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिली. "दादाच्या नजरेसमोर नको. टायमाले तुम्ही द्या." दोन दिवस मी ती कपाटात कुलपात ठेवली आणि ठरल्या वेळी स्वयंपाकघरात, दार लोटून, एका म्हाताऱ्या माणसाच्या तळहातावर त्याच काळ्या गोळ्या मोजून ठेवल्या. त्या वेळी आजोबा गॅलरीत आमच्याकडे पाठ करून बसत. कपाटाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी दोन्ही दिवस किल्ली गळ्यातल्या साखळीत घातली होती, हेही त्यांनी पाहिलं असणार.

निघायच्या सकाळी आजोबा म्हणाले, "चाल माह्यासंग त्या डॉक्टरकडे. मी बसतो तुह्याजवळ."

"दादा, तू पेन्शनवर थरथरला. मी दोन महिने थरथरत पडलो तं बाग कोण पाहीन?"

"पोराले सांग."

"पोराले माहीत नाही."

"सुनेले?"

"कोणालेच नाही. वहिनीनं थैली उघडली म्हणून तुम्हाले." ते चपला घालत होते. "उघडली नसती तं बरं झालं असतं काय, वाईट झालं असतं, मले नाही समजत."

तेव्हापासून आजोबा रोज चहा झाला की गावी फोन लावतात. फार बोलत नाहीत. "किती गा?" विचारतात. सहा ऐकलं की "बरं" म्हणतात. मध्ये महिनाभर साडेपाचवर आलं होतं. तेव्हा आजोबा त्यांना पाय कोमट पाण्यात कसे ठेवायचे, मीठ-साखरेचं पाणी किती वेळा प्यायचं, हे सांगत बसायचे. हे असं फोनवर करायचं काम नाही, डॉक्टर हवेत, असं मी म्हणते. ते म्हणतात, येत नाही ना तो.

गेल्या आठवड्यात तीन दिवस कुणी फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी उचलला.

"किती गा?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. आजोबांनी डोळे मिटले. "दहा? बरं. उद्या लावतो."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. पुतण्याचा नंबर माझ्या वहीत आहे, हे त्यांना माहीत आहे.

"तू त्याच्या पोराले काही सांगू नको," ते म्हणाले.

मी हो म्हणाले नाही.