नाक्यावर लागलेला माझा होमवर्क

तुम्ही हसणार हे ठरलेलंच आहे, म्हणून आधीच कबूल करते, चूक सगळी माझी होती.

आमच्या बाळकुममध्ये मॅच म्हटली की फ्लेक्स हवाच. बॅट उसनी मिळते, फ्लेक्स कोण देणार? यंदा माझा मामा पहिल्यांदा कॅप्टन झाला आणि संघ थेट फायनलला! मामाला फ्लेक्स इंग्रजीत हवा होता. घरात इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच. तो म्हणाला, "एकच वाक्य दे. समोरचं गाव वाचून गप झालं पाहिजे."

मी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत देते. माझं वाक्य नाक्यावर लागणार, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

नेमकी तेव्हाच मॅडमनी 'विन' या क्रियापदाची दहा वाक्यं लिहायला सांगितलेली. मॅच जिंकतात, तसं मन जिंकतात, विश्वास जिंकतात, वादही जिंकतात. प्रत्येक अर्थाला एक वाक्य. मी घरातलीच माणसं घेतली. पहिलं वाक्य झकास जमलं, आमचा संघ ट्रॉफी जिंकणार. मामाला तेच द्यायचं ठरवलं. वहीच्या पानाचा फोटो काढून फ्लेक्सवाल्याला पाठवला आणि लिहिलं, 'दादा, हे छापा.'

'फक्त पहिलं' हे लिहायचं राहिलं. आणि फ्लेक्सवाले कधी वाचून छापतात का?

फायनलच्या सकाळी नाक्यावर दहा फुटी वहीचं पान झळकलं. कोपऱ्यात मामाचा गॉगलवाला फोटो. वाक्य चौथं, मामाने सात वर्षं मागे लागून मामीचं मन जिंकलं. सहावं, मामा पत्त्यांत आजीविरुद्ध कधीच जिंकत नाही. नववं, मामीशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही.

समोरच्या गावची पोरं सेल्फी काढत होती. एक जण बाकीच्यांना मोठ्याने मराठीत अर्थ सांगत होता. मी चहाच्या टपरीमागे बसून रडत होते. मामाच्या पहिल्या फायनलची मी शोभा केली होती.

मामाने मला तिथे शोधून काढलं.

"रडतेस कनाला गो बाय?" त्याने फ्लेक्सकडे पुन्हा पाहिलं. "नववं तर शंभर टक्के खरं हाय."

फ्लेक्स उतरवायला शिडी आणलेली, ती त्याने परत पाठवली. मॅचला मला पहिल्या रांगेत, मामीच्या शेजारी बसवलं. मामी दिवसभर मामाशी बोलली नाही, पण मला तिने दोनदा आइस्क्रीम दिलं.

आम्ही चार रनांनी हरलो. मामा शेवटच्या बॉलवर आउट झाला. पॅड सोडता सोडता म्हणाला, "धा वाक्यांतली नव तुझी बरोबर आली. पहिलं चुकलं, ते माझ्यामुलं."

असा मामा सगळ्यांना मिळो, एवढंच म्हणते.

सोमवारी मी वही काढली, तर मॅडम म्हणाल्या, "राहू दे, येताना नाक्यावर तपासली. उदाहरणं छान आहेत. पण दोन मार्क कापलेत."

"का, मॅडम?"

"अक्षर फार बारीक काढतेस."

दहा फुटी पान होतं हो ते!