मोर्सचं वळण

माझे सासरे आयुष्यभर जहाजावर रेडिओ ऑफिसर. निवृत्तीनंतर हाटकेशच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांनी गॅलरीत हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, थाटला आणि गच्चीवर अँटेनाची तार ओढली. सोसायटीचे सेक्रेटरी दर मीटिंगला विचारायचे, "अंकल, ये तार किसका है?" बाबा दर मीटिंगला सांगायचे, "मेरा." विषय संपला.

रोज संध्याकाळी कोचीतल्या एका दोस्ताशी त्यांच्या मोर्सवर गप्पा चालायच्या. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. मग बाबांच्या हाताला कंप सुटला आणि मोर्सचे ठोके पाठवायची छोटी की पडून राहिली. माइकवर बोला म्हटलं, तर म्हणाले, "तो मोर्सशिवाय काही ऐकत नाही." नुसते स्पीकरजवळ बसून राहायचे. मला ते बघवेना.

"तुमच्या वतीने मी पाठवते," मी म्हटलं.

"लायसन्सशिवाय कीला हात लावायचा नाही."

झालं, पन्नाशीत मी परीक्षेच्या तयारीला लागले. नवरा म्हणाला, "अगं, मोर्सशिवायचंही लायसन्स मिळतं हल्ली, ते घे ना." इतकी वर्षं एका घरात राहून ह्या माणसाला कशाचा पत्ता नाही.

बाबांनी मला तोंडाने मोर्स शिकवला. मी भाजी चिरायची, ते समोर बसून डिट-डा, डा-डिट म्हणायचे. शेवटचा 'डा' चांगला आळवून लांबवायचे. मला वाटलं, तसंच असतं. परीक्षेत मशीनने सगळे ठोके सरळ, कोरडे टाकले आणि मी शब्दाशब्दाला अडखळले. नापास. घरी येऊन म्हटलं, "बाबा, मशीनला तुमच्यासारखं गाता येत नाही." ते ठसका लागेपर्यंत हसले. मग कळलं, हस्ताक्षरासारखं मोर्सलाही ज्याचं त्याचं वळण असतं आणि जुनी मंडळी त्यावरूनच माणूस ओळखतात.

पुढे मोबाइलवरच्या ॲपने कान तयार केले आणि पास झाले. हाताला लागलेलं बाबांचं वळण मात्र काही सुटलं नाही.

लायसन्स आलं त्या संध्याकाळी बाबांना शेजारी बसवलं आणि त्यांच्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओ लावला. माझी स्वतःची कोरी कॉलसाइन, म्हणजे लायसन्ससोबत मिळालेली सांकेतिक ओळख, पाठवली. थोड्या वेळाने उत्तर यायला लागलं. मी धांदलीत एकेक अक्षर कागदावर उतरवत होते, पण बाबांना कागद लागत नाही. माझं लिहिणं अर्ध्यावर होतं तेव्हाच त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मग मी कागद वाचला. 'कॉलसाइन नवी दिसते, वळण तेच आहे. दोस्ता, हात बरा झाला?'

मी पुन्हा कीवर हात ठेवला. "बाबा, काय सांगू?"

"सांग, सून आहे म्हणून," ते म्हणाले. मग चष्मा परत लावत म्हणाले, "आणि हात बरा आहे म्हणावं."