ताईंची कोरडी वाइन आणि माझा खडू

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. चौथीनंतर मैंदर्गीची शाळा सुटली, ती सुटलीच. कुणी हे वाचलंच तर चुका पोटात घालाव्या. वसुधाताई जाऊन पाच आठवडे झाले. त्यांच्या भाच्याचा, निनादचा, सकाळीच फोन आला. "मावशी, आत्या गेली." तव्यावरची भाकरी करपली, वास घरभर झाला, आणि मी फोन धरून तशीच उभी राहिले...

टॉवेलच्या कारखान्यात मी चेकिंगला होते. ताई परदेशी ऑर्डरी बघायच्या, त्यांना जर्मन भाषा यायची. आमचं काम म्हणजे ट्यूबलाइटखाली टेबलावरून टॉवेल सरकवायचा आणि दोष शोधायचा. फर्स्टला खूण नाही, सेकंडला खडूची एक रेघ, रिजेक्टला फुली. एकदा ताईंनी स्वतः पसंत केलेल्या नमुन्यावर मी रेघ ओढली. बोलायचं धाडस नव्हतं, मान खाली घालून उभी राहिले. ताईंनी टॉवेल उजेडात धरला, सुटलेला धागा त्यांना दिसला. म्हणाल्या, "महादेवी, तोंड उघडत नाहीस, पण खडू बरा बोलतो तुझा."

पुढे ताई निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर स्वयंपाकाला जाऊ लागले. त्यांचा जुना जर्मन खरेदीदार दर हिवाळ्यात कारखान्यात यायचा, तेव्हा ताईंसाठी तीन बाटल्या आणायचा, आमच्याच कारखान्याच्या टॉवेलांत गुंडाळून. त्याच्या भावाचे तिकडे द्राक्षांचे मळे होते, तो वाइन करायचा. त्या भावाला खरे मार्क हवे असायचे, कारण घरचे सगळे चांगलंच म्हणतात. ताई मला म्हणाल्या, "चेकिंगची बाई घरात असताना मी एकटी कशाला मार्क देऊ?"

माझा थोरला भाऊ दारूपायी गेला होता. मी म्हटलं, "नगं ताई. बाटली धुते, तोंड न्हाय लावत."

"गिळायची नाही गं. तोंडात फिरवायची आणि बेसिनमध्ये थुंकायची. जाणकार असंच करतात."

"थुंकायचंच हाय व्हय? मग सोलापूरच्या माणसाला काय शिकवायचं त्यात."

ताईंना इतकं हसू आलं की हातातला पेला खाली ठेवावा लागला. ही कोरडी वाइन, म्हणाल्या. "कोरडी कुटं? वली तर हाय की," मी म्हटलं. तेव्हा त्यांनी समजावलं, की द्राक्षाची गोडी जिच्यात उरलेली नसते ती कोरडी. मी घोट फिरवला. हरभऱ्याच्या रानातून पहाटे चाललं की पायांना पानांवरची आंबट आंब लागते, लहानपणी आम्ही ती बोटानं चाटायचो. तीच चव. आंब म्हणजे काय हे जर्मनमध्ये सांगायला ताईंना अर्धं पान लागलं. दुसऱ्या एका जुन्या बाटलीला रॉकेलचा वास आला. मी घाबरतच सांगितलं. तिकडून उत्तर आलं की जुन्या बाटलीला तो वास येतोच, आणि हे ओळखणारी बाई कोण? ताईंनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. माझ्याबद्दल कुणी लांबून विचारलं, असं तोवर झालं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात घशाच्या उपचारांनी ताईंची चव गेली, वासही गेला. "वरण खाल्लं काय, माती खाल्ली काय," म्हणायच्या. बाटल्या आल्या तेव्हा त्या डोळे मिटून नुसत्या ऐकत बसल्या. पहिल्या दोन सेकंड निघाल्या. तिसरीला ओल्या पोत्याचा वास येत होता, ती बिघडली होती. ताई वाट बघत होत्या.

"सांग."

"फर्स्ट हाय, ताई."

"आंबेसारखी?"

"व्हय. पहिल्या वर्षीसारखी."

त्यांनी लगेच मोबाइलवर लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी निनाद आला, फ्रिजमधली बाटली हुंगून म्हणाला, "आत्या, हिला ओल्या गोणपाटाचा वास येतोय." ताई रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "माझी जीभ गेली म्हणून तुझी घेतली होती गं. आता कुणाची घेऊ?" मग त्यांनी तिकडे कळवलं की बाटली बिघडलेली होती, आधीची चूक आपली. माझं नाव घातलं नाही. नंतर महिनाभर मी जात होते, पण वाइनचा विषय दोघींनीही काढला नाही. भाजी चिरताना मी रोज माफीचं वाक्य जुळवायचे, आणि ओटा पुसून तशीच घरी यायचे... मग ताई दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

ताई गेल्यावर दहा-बारा दिवसांनी निनादनं बोलावलं. खरेदीदाराच्या माणसानं बिघडलेल्या बाटलीच्या बदली एक आणली होती. निनाद म्हणाला, "आत्यानं दवाखान्यातच सांगून ठेवलं होतं. बदली आली तर महादेवीनंच उघडायची, मार्कही तिनंच द्यायचा. दुसऱ्या कुणाचा चालणार नाही."

मी ताईंच्या खुर्चीकडे न बघता बेसिनपाशी उभी राहिले. घोट फिरवला. वास स्वच्छ होता, आंबही होती. पण शेवटी लिंबाची बी दाताखाली आल्यासारखा कडवटपणा मागे राहत होता.

"मावशी, फर्स्ट लिहू ना? आत्याची शेवटची आहे."

माझ्याही ओठावर तेच आलं होतं. मी पुन्हा एक घोट घेतला, पुन्हा थुंकला.

"सेकंड," मी म्हटलं. "आन् कडू बीचं बी लिवा."

ती बाटली धुऊन मी घरी आणली आहे, फळीवर देवाच्या फोटोपासून जरा लांब ठेवली आहे. तिच्यावर खडूची रेघ आहे. काचेवर खडू नीट उठत नाही, आठवडाभरात रेघ फिकी पडते. मग मी ती पुन्हा ओढते. एकच.