आधी भिंत बघा

प्रिंटर दुरुस्तीच्या धंद्यात दोनच गोष्टी साचतात. कपड्यांवर टोनर आणि तोंडात किस्से. टोनर धुतलं की निघतं तरी!

लातूरला आम्हा दोघा भावांचं दुकान. दादा शांत, मी शाळा अर्धवट सोडलेला आणि उतावळा. दादा या उन्हाळ्यात गेला. छातीत कळ आली, बस्स. आता त्याचा मोबाइल माझ्या खिशात असतो. गिऱ्हाइकं त्यालाच फोन करतात. काहींना कळलंय, काहींना नाही. सांगायला गेलं की मी प्रिंटरचंच विचारून बसतो. त्याच्या माघारी ती माझ्याकडं टिकतील का, हीच धास्ती.

"प्रिंटर चालू होईना" म्हटलं, की दादाचं ठरलेलं उत्तर, "आधी भिंत बघा, मग मशीन." म्हणजे आधी प्लग, बोर्ड, करंट. मी मात्र थेट पेचकस काढायचो.

नांदेडला एका वकिलांकडं मी असाच प्रिंटर खोलला. टेबलभर पार्ट! मागून दादा आला, त्यानं त्याच सॉकेटात मोबाइलचा चार्जर लावला. चार्ज होईना. सॉकेटच मेलेलं!

वकीलसाहेब मला म्हणाले, "पोस्टमॉर्टेम झालं, आणि आता म्हणता पेशंट जिता हाय?"

मुरुडच्या एका पतसंस्थेत रोज चहाच्या वेळी प्रिंटर बंद पडायचा. इलेक्ट्रिक किटली आणि प्रिंटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर!

दादा म्हणाला, "साहेब, एका वेळी एकच. चहा नाहीतर प्रिंट."

मॅनेजरनं क्षणभरही विचार केला नाही. "प्रिंटर हलवा!"

देवणीला झेरॉक्सवाल्या काकांचा यूपीएस प्रिंट दिली की बोंबलायचा. दादानं समजावलं, "काका, लेझर प्रिंटर गरम होताना लई करंट ओढतो. तुम्ही देवणी बैलाच्या जोडीला शेळी जुंपलीय!"

काका हसले नाहीत. "दुकानदारानं बैल म्हणूनच विकली की रे!"

निलंग्याच्या एका ऑफिसात साहेब रजेवर असले की प्रिंटर झकास चालायचा. साहेब आले की बंद! स्टाफ म्हणे, मशीनसुद्धा घाबरायलंय. दादानं भिंत बघितली. साहेब मागं रेलले की खुर्ची प्लगला लागून प्लग ढिला व्हायचा.

"साहेब, जरा पुढं सरका," दादा म्हणाला.

क्लार्क हळूच माझ्या कानात, "आमच्यानं हे मेलो तरी बोलवलं नसतं!"

परवा अहमदपूरच्या शाळेतून मुख्याध्यापिका मॅडमचा फोन आला. माझा आवाज दादासारखाच. मी "हॅलो" म्हणताच त्या सुरू झाल्या, "भाऊ, प्रिंटर चालू होईना! उद्या परीक्षा हाय, पेपर काढायचेत!"

त्यांना कळलेलंच नव्हतं. सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "मॅडम, आधी भिंत बघा."

"बघितली. बटण चालू हाय."

"त्याच सॉकेटात मोबाइलचा चार्जर लावा."

जरा वेळानं, "अगं बाई, चार्ज होईना!"

"मग प्रिंटर दुसऱ्या भिंतीला न्या."

पलीकडं टेबल सरकल्याचा आवाज. मग प्रिंटरची घरघर, आणि मॅडमचं हसू.

"म्हणून म्हणते भाऊ, तुम्हीच पाहिजेत! आणि पुढच्या वेळी स्वतः या. तुमच्या त्या धाकट्याला पाठवू नका. आल्या आल्या मशीन खोलून बसतो!"

"हाव मॅडम," मी म्हणालो. "त्याला नाही पाठवत."