दोन वाकडी बोटं

वरुणरावाचा पुतळा तंजावरात, त्याच्या शाळेच्या फाटकासमोर उभा करायचं ठरलं, तेव्हा त्याच्या धाकट्या भावाला, मुरलीकृष्णाला, कुणी काही विचारलं नाही. तंजावरच्या त्या जुन्या मराठी घरात विचारायची पद्धतच नव्हती. वडील सीतारामराव सरकारी कालव्यांवर ओव्हरसियर होते. कावेरीचं पाणी कुठल्या शेताला कधी सोडायचं आणि कधी अडवायचं, हे त्यांनी तीस वर्षं ठरवलं होतं. पोरांना काय विचारायचं?

वरुणराव लष्करात इंजिनियर, कॅप्टन. सुरुंग शोधून काढणं हे त्याचं काम. नव्व्याण्णव सालच्या जूनमध्ये कारगिलच्या एका उतारावर तो गेला, सत्ताविसाव्या वर्षी. पेटी आली ती बंद. सोबत आलेल्या सुभेदारानं हात जोडून सांगितलं, उघडू नका. त्यामुळे आईला, राजमला, पोराचं तोंड शेवटचंसुद्धा दिसलं नाही. त्या वर्षी घरोघरी केबल आली होती आणि लोक सांबारभात कालवता कालवता लढाई बघत होते. अख्खं गाव त्यांच्या दारात लोटलं, रडलं आणि महिन्याभरात आपापल्या कामाला लागलं.

मुरलीला मात्र तिथून निघता आलं नाही. कुठल्याही शाळेचा समारंभ असो, पहिल्या रांगेत तो हवाच. दिसायला अगदी भावासारखा ना! अम्मा वरुणचे सदरे कुणाला देऊ देईना, म्हणून ते हाच घालायचा. अप्पा त्याला हाक मारायचे तीसुद्धा 'वरुण' म्हणून. पहिले दोन महिने त्यानं चूक दुरुस्त केली, मग कंटाळून 'ओ' द्यायला लागला. एकदाचं बेंगळूरच्या एका कॉम्प्युटर कंपनीचं पत्र आलं, वीस जूनपर्यंत हजर व्हा. त्यानं ते पत्र अप्पांपुढे ठेवलं. अप्पा म्हणाले, "पुतळा होऊं दे, मग पाहूं." त्या घरात 'पाहूं' म्हणजे नाही, हे मांजरालाही ठाऊक होतं.

पुतळ्याचं काम स्वामिमलैच्या राममूर्ती स्थपतींकडे दिलं होतं. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या देवांच्या मूर्ती ओततात. वरुणचा एकच धड फोटो, तोही चेहऱ्याचा. राममूर्ती म्हणाले, "देवाचं माप शास्त्रात आहे. माणसाचं माप मला माणसावरूनच घ्यावं लागेल." अप्पांनी मुरलीकडे बोट दाखवलं. झालं! चार महिने दर रविवारी पापनाशमवरून जाणारी बस धरायची, भावाचा गणवेश अंगात चढवायचा आणि उन्हात खांबासारखं उभं राहायचं. म्हातारा स्थपती नारळाच्या पातीची घडी घातलेली पट्टी घेऊन यायचा आणि खांदा, कोपर, मनगट मापून जायचा.

"हे कायला, अप्पा?" मुरलीनं एकदा विचारलं.

"अम्मासाठी. तिनं त्याचं तोंड पाहिलं नाही. हे तरी पाहूं दे."

मुरली उभा राहिला.

आता त्या बोटांचं सांगायला हवं. मुरलीच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकडी आहेत. तो सहा वर्षांचा असताना अप्पा दोघा पोरांना ओरत्तनाडूकडच्या एका कालव्यावर घेऊन गेले होते. पाण्याचं दार खालीवर करायचं चाक वरुण फिरवत होता. मुरलीनं वाहत आलेलं फूल धरायला हात घातला आणि दार त्याच्या बोटांवर उतरलं. नंतर वर्षभर वरुणनं त्याला स्वतःच्या हातानं भरवलं. अम्मा म्हणायची, अरे, त्याचा उजवा हात धड आहे! पण वरुण ऐकायचा नाही. दार कसं उतरतं, चाकाचे दाते कुठे अडकतात, याची चित्रं तो तेव्हापासून वहीत काढायला लागला, आणि त्यातूनच पुढे इंजिनियर झाला.

मेणाचा पुतळा तयार झाला तेव्हा बापलेक बघायला गेले. अप्पा समोर उभे राहिले आणि ढसाढसा रडले. मुरली मात्र पुतळ्याच्या डाव्या हाताकडे बघत होता. शेवटची दोन बोटं वाकडी. स्थपतीनं जे मापलं ते इमानानं केलं होतं. देवाच्या मूर्तीत पदरचं काही घालायचं नाही ही घराण्याची शिस्त, ती त्यानं इथेही पाळली.

"काही बदलायचं असेल तर आत्ता सांगा," राममूर्ती म्हणाले. "मेण आहे तोवर होईल. उद्या पंचलोहाचा रस ओतणार."

"केसभर हलवूं नका," अप्पा म्हणाले.

मुरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अप्पांचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा उजळला होता. शिवाय खरं सांगायचं तर त्याला मनातून बरंही वाटलं. थोरल्या अण्णाच्या अंगावर आपलं काहीतरी राहील. दोन बोटांकडे कोण बघतंय? तो गप्प बसला, आणि घोडचूक झाली ती इथे.

बारा जूनला, बरोबर वर्षानं, समारंभ झाला. मांडव, माईक, मोठे अधिकारी, सगळं साग्रसंगीत. पडदा बाजूला झाला. राजमच्या हातात शेवंतीची माळ दिली. ती चौथऱ्याची पायरी चढली. तिनं आधी चेहरा पाहिला, मग हात पुढे करून पुतळ्याचा हात धरला आणि तिथेच थिजली. आईच ती. त्या अपघातानंतर वर्षभर रोज तेल लावून चोळलेली दोन बोटं तिला कळणार नाहीत?

"हा वरुण नोहे," ती म्हणाली. माईक जवळच होता, त्यामुळे सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "हा माझा मुरली." पण ती बोलली घरच्या मराठीत. मांडवभर तमिळ माणसं, त्यांना वाटलं बाई देवाचं काही म्हणतेय. कित्येकांनी हात जोडले.

"राजम, माळ घाल. लोक पाहूलेत," अप्पा दातओठ खात पुटपुटले.

"जित्या पोराला? माझ्या हातानं? खाली मेल्याची तारीख कोरली आहे, दिसत नाही तुम्हांस?"

तिनं माळ छातीशी धरली आणि मागे सरली. मुरलीला ते बघवेना. तो पुढे झाला, तिच्या हातातून माळ घेतली आणि आपल्याच बोटांच्या त्या पुतळ्याच्या गळ्यात घातली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुरलीला मात्र वाटलं, संपलं, आता मी कायमचा इथला झालो.

घरी येताच राजमनं त्याला दारातच अडवलं. तिच्या आजोळचे एक काका काशीला गेले होते. ते मेले समजून घरानं तेराव्यापर्यंत सगळं उरकलं, आणि सहा महिन्यांनी काका हजर! तेव्हा त्यांना तसंच आत घेतलं नाही. न्हाऊ घालून, बाळासारखा नवा जन्म देऊन, नाव ठेवून मगच घेतलं. ज्याचं जिवंतपणी मेल्यासारखं केलं, त्याला पुन्हा जन्मावंच लागतं. राजमनं सव्वीस वर्षांच्या घोड्याला ओसरीवर बसवून तेल लावलं, न्हाऊ घातलं, नव्या पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि जिभेवर मध ठेवला. मुरली निमूटपणे सगळं करून घेत होता. पुतळ्यापुढे माळ घालायला न उठलेले तिचे हात आता भराभर चालत होते.

"अत्ता बारा दिवस उंबरा ओलांडायचा नाही," ती म्हणाली. "बाराव्या दिवशी नाव ठेवूं. मग तूं सुटलास."

"अम्मा, वीस तारखेला बेंगळूरला जायचं आहे!"

"तान्ह्या पोराला नोकरी कोण देतो, कण्णा?"

सीतारामरावांना हे आयतंच फावलं. मुरली मधल्या खोलीत चटईवर पडून राहिला. शेजाऱ्यांना सांगितलं, ताप आहे. उंबरा चार बोटं उंच. एक उडी मारली असती तर बाहेर पडला असता. पण आत अम्मा नव्या बाळाला जपावं तशी जपत होती, दिवसातून तीनदा दृष्ट काढत होती, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिचं जेवण अंगी लागत होतं. हे सगळं मोडून कसं जायचं? वीस तारीख आली. सकाळच्या बसचा हॉर्न ऐकू आला. त्यानं कूस बदलली. रागानं त्याला रडू येत होतं, पण रागवायचं कुणावर तेच कळत नव्हतं. एकविसावी आली. त्या पत्राचं नावही कुणी घेतलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी राजमनं पाट मांडला. त्यांच्यात नाव बापच सांगतो, कानात, तीनदा. सीतारामराव वाकले. मुरलीला त्यांच्या तपकिरीचा वास आला. मग 'व'… एवढंच कानाशी आलं आणि थांबलं.

राजमनं नवऱ्याकडे पाहिलं. "ह्याचं नाव सांगा," ती म्हणाली. "त्याचं नको."

सीतारामराव पुन्हा कानाशी वाकले. मग, "मुरलीकृष्ण." जणू हजेरीपटावरचं वाचलं. पुन्हा, जरा हळू, "मुरलीकृष्ण." तिसऱ्यांदा नाव आलंच नाही. म्हाताऱ्यानं आपलं डोकं पोराच्या खांद्यावर टाकलं.

"वरुण गेला रे, मुरली. माझा वरुण गेला."

वर्षभर प्रत्येक भाषणात त्यांनी 'अमर झाला' म्हटलं होतं. 'गेला' हे आज पहिल्यांदा. मुरलीनं त्यांना घट्ट धरलं आणि तोही रडला, भावासाठी, वर्षभर राहून गेलेलं सगळं.

जरा वेळानं सीतारामराव उठले. त्यांनी चपला घातल्या, मुरलीच्या ट्रंकेतून ते पत्र काढलं आणि तडक नाक्यावरच्या एसटीडी बूथकडे निघाले. मुरली उंबरा ओलांडून मागोमाग धावला. अप्पा काचेच्या आत होते, कालव्याच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसे ओरडून इंग्रजीत बोलत होते.

"माझा मुलगा, मुरलीकृष्ण. हो, धाकटा. वीस तारखेला येऊ शकला नाही."

पलीकडून कारण विचारलं असावं. सीतारामरावांनी काचेतून मुरलीकडे पाहिलं.

"त्याची काही चूक नाही, साहेब," ते म्हणाले. "त्याला मी अडवून ठेवलं होतं."